एस्तेरताईंना न कळलेला शब्द

एस्तेरताई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं केला, तेव्हा मी कासारवाडीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "मावशीनं चहा मागितला, आणि मी घेऊन येईस्तोवर..." नंतर पेपरांत छापून आलं, की कुठल्या कुठल्या देशांत जाऊन त्यांनी सुइणींना शिकवलं, बाया-बाळांसाठी दवाखाने उभे केले. सगळं खरं आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या पिंपरीतल्या, सायकलवर टांग मारून निघालेल्या एस्तेरताई.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं पिंपरीत बराकींमधून राहत होती. तिथल्या दवाखान्यात ताई नर्स आणि मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ. ताई मूळच्या नगरकडच्या. हात हलका, पण स्वभाव फार घाईचा. "चल गं, अजून चार घरं राहिलीत," हे सारखं तोंडात.

एका दुपारी नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी त्यांचा पदर धरून पुन्हापुन्हा सिंधीतला एकच शब्द म्हणत होती. तिची सासूही हातवारे करून काही सांगत होती. ताईंना वाटलं, बाळ मागतेय. त्यांनी बाळ तिच्या कुशीत दिलं, "आराम कर हं," म्हणाल्या आणि आम्ही निघालो. संध्याकाळी परतलो तर दारात बायका बसलेल्या. अंगावरून फार रक्त जाऊन ती मुलगी गेली होती. डोळ्यांपुढे अंधार येतोय, असं ती म्हणत होती... हे शेजारणीनं आम्हाला तेव्हा सांगितलं.

दवाखान्यात कुणी ताईंना बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, "तिचं नशीब." ताई मात्र दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. सासूनं दार लावून घेतलं. त्यानंतरही रोज गेल्या, रोज दार लागलं. मला बरोबर जायची लाज वाटायची. "ताई, कशाला त्यांच्या जखमेवर मीठ?" मी एकदा म्हटलंच.

"उद्या दुसरी कुणी हेच सांगेल," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मला कळायचं नाही."

शेवटी एकदा दार उघडं राहिलं. म्हातारी मोडक्या हिंदीत म्हणाली, "वो बोल रही थी. मैं भी बोल रही थी. तुम सुनती नहीं थी, बाई."

ताई उंबऱ्याबाहेरच खाली बसल्या. "सिखाओ," एवढंच म्हणाल्या.

आणि म्हातारीनं शिकवलं. आईवेगळ्या नातीला मांडीवर थोपटत तिनं कळ, घेरी, ताप, दूध असा एकेक शब्द ताईंकडून घोटून घेतला. पण त्या घरात ताईंना तिनं कधी पाणी विचारलं नाही. ताईंनीही कधी मागितलं नाही.

पुढं परदेशातून त्यांची पत्रं यायची. प्रत्येक नव्या मुलखातलं पहिलं पत्र सारखंच असे: 'अजून कामाला हात लावलेला नाही. इथल्या म्हाताऱ्यांकडे माझी शिकवणी चालू आहे. वरचे साहेब वैतागलेत.'

निवृत्तीनंतर त्या सांगवीला राहायला आल्या. रविवारी फोन करायच्या. "कशी आहेस?" असं विचारून गप्प राहायच्या. मी "बरी आहे" म्हटलं तरी पलीकडे शांतताच. मग हळूहळू माझे गुडघे, न लागणारी झोप, सुनेशी झालेली बोलाचाली... सगळं बाहेर यायचं.

परवा रस्त्यात कुणीतरी "काय, कशा आहात?" म्हणालं. मी सांगायला थांबले, तोवर ते पुढं निघूनही गेले होते.