सिगारचं बंद टोक

जहाजात पाय ठेवण्याआधीच पुंडलिकरावांची विडी गेली. मुंबईच्या बंदरावर सामान तपासणाऱ्या माणसाने त्यांच्या पिशवीतून विडीचे दोन कट्टे आणि काडीपेटी काढून बाजूच्या टोपलीत टाकली. मग त्याच्या हाताला एक चकचकीत पत्र्याची नळी लागली. त्याने झाकण फिरवलं, आत डोकावलं, आणि त्याचा आवाजच बदलला.

"सिगार आहे का, सर? असू द्या, असू द्या. फक्त वर लाउंजमध्येच ओढा."

बहात्तर वर्षांत पुंडलिकरावांना कोणी सर म्हटलं नव्हतं. आताही ते आपल्याला नाही, त्या नळीला म्हटलंय, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी ती नळी खिशात ठेवताना खिशावरून एकदा हात फिरवला.

शेजारी उभ्या बायकोने, इंदुताईंनी, ते पाहिलंच. "हे काय हो? कुठून आनलं?"

"रहेमाननं देल्लं."

"त्याचा दमा त्याले पुरला नाई का, तं आता तुमच्या मागं लावून राह्यला?"

पुंडलिकरावांनी पिशवी उचलली. सांगायला बसले असते तर मागचे पन्नास जण खोळंबले असते.

पुंडलिकराव यवतमाळकडच्या बोरी अरबचे. पाच एकरांत कापूस-तूर करायचे आणि उन्हाळ्याचे दोन महिने तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, फळीवर मुन्शी म्हणून जायचे. फळी म्हणजे जंगलाच्या काठावरची मोकळी जागा. पहाटेपासून पानं तोडून, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून बाया दुपारनंतर तिथे आणायच्या आणि मुन्शी ते बघून घ्यायचा. पस्तीस उन्हाळे त्यांनी हेच केलं. पुडा हातात आला की अंगठा फिरवूनच ते सांगायचे, पान कोवळं आहे, हे जून झालं, हे परवाचं, याला पाणी मारून ताजं दाखवलंय. त्यांचं पान कधी चुकलं नाही. रहेमान मिस्त्री त्या वेळी ठेकेदाराची जीप चालवायचा. दोघांची दोस्ती तिथलीच.

ठेकेदार बाहेरगावचा होता. फळीवर त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली असायची आणि तो तीत बसून सिगार ओढायचा. एका संध्याकाळी जंगल खात्याचे साहेब आले. ठेकेदाराने डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी एक उचलली. डबा अजून उघडाच होता आणि पुंडलिकराव शेजारीच उभे होते. आपल्यालाही विचारतोय असं वाटून त्यांनी हात पुढे केला.

ठेकेदाराने डबा मिटला. "मुन्शीजी, ये आप के बस की चीज नहीं. आप बीडी पियो. पत्ता भी तो आप का ही है."

सगळे हसले. जीपच्या बॉनेटवर बसलेला रहेमानसुद्धा हसला. मग परतीच्या वाटेवर जीप चालवता चालवता तो अचानक म्हणाला, "एक दिवस आपन पेऊ मुन्शी. पाहू तं खरं, त्याच्यात असं काय हाय."

त्याला चाळीसेक वर्षं झाली. जीप गेली, ठेकेदार गेला, रहेमानने बसस्टँडसमोर गॅरेज टाकलं आणि त्याला दम्याने धरलं. आता दिवाळीच्या आधी त्याचा भाचा अय्याज दुबईहून आला तेव्हा त्याने मामासाठी एक सिगार आणली. एकच. यवतमाळच्या डॉक्टरने रहेमानला सांगून ठेवलं होतं की एक झुरका घेतला तर सरळ भरती व्हायला या. म्हणून रहेमानने ती नळी पुंडलिकरावांच्या हातात दिली.

"मी नाई पेऊ शकत. तू पे. तुहं पोरगं तुले जहाजावर घेऊन चाललं न? तिथंच पे. ठेकेदार खुर्चीवर बसे, तू दर्यात बस. पन वापस येऊन मले एक गोष्ट सांगजो. कसी लागते ते. नीट सांगजो बे, खोटं मले समजते."

"सांगतो न. त्यात काय?" पुंडलिकराव म्हणाले होते.

ते जहाज म्हणजे एक गावच होतं, आणि त्या गावात पुंडलिकरावांना एकही रस्ता सापडत नव्हता. मुलगा अमर आणि सून सुरभी पुण्याला नोकरीला. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून दोघांनी हे चार दिवसांचं लक्षद्वीपचं फिरणं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर पुंडलिकराव सिगार घेऊन निघाले. लिफ्टने दोनदा चुकीच्या मजल्यावर सोडलं. तिसऱ्यांदा लाउंज सापडलं. जाड काचेचा दरवाजा, आत अंधुक दिवे, चामड्याचे सोफे. दारातल्या मुलाने नम्रपणे हात जोडले आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"सॉरी सर, चपला चालत नाहीत. पायात बूट पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी ते सुरभीने घेऊन दिलेले पांढरे बूट घालून गेले. ते अंगठ्याला चावत होते. या वेळी दारावर पाटी लटकत होती. जहाज बेटाजवळ उभं असेपर्यंत लाउंज बंद. ते तसेच उघड्या डेकवर गेले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. समोर समुद्र निळाशार होता, लोक फोटो काढत होते. त्यांच्या मनात फक्त एवढंच येत होतं की आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसून विडी पेटवायला कोणाला विचारावं लागत नाही.

संध्याकाळी लाउंज उघडलं तर इंदुताईंना बोट लागली. पुंडलिकराव रात्रीपर्यंत त्यांच्या उशाशी लिंबू घेऊन बसले.

"जा न तुमी," इंदुताई डोळे मिटूनच म्हणाल्या. "खिशावर हात ठेवून बसून राह्यले नुसते. मले काई दिसत नाई असं वाटते का?"

"राहू दे. उद्या जाईन."

"अन् पाहा, पोराले समजू देऊ नका. त्याले वाटते तुमी विडी सोडली."

उद्या म्हणजे तिसरा दिवस आणि शेवटचाच. परवा सकाळी जहाज मुंबईला लागणार होतं. दुपारी चार वाजता पुंडलिकराव बूट घालून, केसांना तेल लावून, नवा शर्ट चढवून लाउंजमध्ये शिरले. दारातल्या मुलाने ओळखून हसत आत घेतलं. ते कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसले तर सोफा इतका खाली गेला की गुडघे छातीला आले. समोर दोन माणसं होती, पन्नाशीची, गोरीगोमटी, हळू आवाजात इंग्रजीत बोलणारी. दोघांच्या हातांत सिगारी होत्या. त्या ते अधूनमधूनच ओठांना लावत होते. पुंडलिकरावांना नवल वाटलं. विडी एवढा वेळ बोटांत ठेवली तर केव्हाच विझून जाईल.

मुलगा एक छोटीशी चकचकीत कात्री आणि लायटर घेऊन आला. "सर, कट करून देऊ?"

इथे चुकलं. काय कट करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. पण समोरची दोघं बोलायची थांबून इकडे बघत होती आणि पुंडलिकरावांना एकदम फळीवरची ती संध्याकाळ आठवली. उघडा डबा, पुढे केलेला हात, मिटलेला डबा. पस्तीस वर्षं पान हाताळलेल्या माणसाला आता हे पोरगं शिकवणार?

"नको, नको. मला येते," ते म्हणाले. घाबरले की ते शहरातल्यासारखं बोलायला बघत.

मुलगा लायटर ठेवून गेला. पुंडलिकरावांनी सिगार नळीतून काढली. हाताला तिचं वजन लागलं. त्यांनी सवयीने अंगठा फिरवला. पान एकसारखं होतं, शीर कुठे वर आलेली नाही, गुंडाळी घट्ट. हे काम करणारा माणूस असातसा नव्हता. मनातून ते खूश झाले. मग त्यांनी दोन्ही टोकं पाहिली. एक टोक गोल, पानाने बंद केलेलं. दुसरं उघडं, आतला तंबाखू दिसत होता.

विडीचं बंद टोक पेटवतात. रुंद तोंडाशी पान दुमडून आत दाबलेलं असतं, ते जाळायचं, आणि दोरा बांधलेलं निमुळतं टोक ओठांत धरायचं. बोरी अरबचं शेंबडं पोरही हे सांगेल. पुंडलिकरावांनी सिगारचं उघडं टोक ओठांत धरलं आणि बंद टोकाला लायटर लावला.

ज्योत लागली. त्यांनी ओढलं. काही आलं नाही. पुन्हा ओढलं, गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. तंबाखूचा चुरा जिभेवर आला, पण धूर नाही. बंद टोक नुसतं काळं पडत होतं, करपलेल्या पानाचा वास सुटला होता. विझतेय असं वाटून त्यांनी विडीला मारतात तशी जोरात फुंकर मारली. जळक्या पानाचा एक लालबुंद तुकडा उडाला आणि सोफ्यावर पडला. त्यांनी तो तळहाताने दाबला. हात भाजला. समोरच्या दोघांपैकी एकजण काहीतरी बोलला आणि दुसऱ्याने हसू दाबायला तोंड फिरवलं.

त्याच वेळी काचेचा दरवाजा ढकलून अमर आत आला. तो सगळं जहाज पालथं घालून आला होता.

"बाबा! तुम्ही इथे? आई तिकडे..." मग त्याला हातात काय आहे ते दिसलं. "तुम्ही तर सोडलं होतं ना? आणि हे काय, उलटी धरलीय तुम्ही! उलटी पेटवलीय!"

तो हे जोरात बोलला. लाउंजमधली सगळी डोकी वळली. सोफ्यावरचा काळा डाग अमरला दिसला, धूर दिसला, आणि तो घाबरला. त्याने बापाच्या हातातून सिगार ओढून घेतली आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली. चर्रर्र झालं.

"अरे..." पुंडलिकराव म्हणाले. "अरे, काहून..."

"काहून काय बाबा! सोफा जळला असता, केवढ्याला पडलं असतं ते!" घाबरून त्याची पुण्याची भाषा गळून पडली होती. "सांगाचं तरी मले! मी देल्ली असती पेटवून!"

मुलाला सिगार पेटवता येत होती हे पुंडलिकरावांना आत्ताच कळलं. त्यांनी ग्लासातून ती भिजून फुगलेली सिगार उचलली, रुमालात गुंडाळली आणि उठून निघाले. दारातला मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "बंद बाजू कापायची असते, सर. मी म्हणालो होतो."

"हो," ते म्हणाले. "तू म्हणाला होतास."

बडनेऱ्यापर्यंतच्या रेल्वेत त्यांनी काय सांगायचं ते जुळवून ठेवलं. गोडसर होती. जरा गुळाच्या राबेसारखी, म्हणजे काकवीसारखी, मागून कडवट. धूर जड. दोनदा मनात म्हणून पाहिलं, बरं वाटलं. तरी गावी आल्यावर तीन दिवस ते बसस्टँडकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी रहेमानचाच निरोप आला.

रहेमान गॅरेजबाहेर जुन्या टायरवर बसला होता. छाती घरघरत होती. "या शेठ! दर्यावरून आले अन् दोस्ताले विसरले. बोल, कसी होती?"

"गोडसर होती," पुंडलिकराव म्हणाले.

"अन्?"

"गुळाच्या राबेसारखी. मागून कडू."

"धूर कसा? ठेकेदाराच्या अंगाले वास ये, तसाच का?"

तो वास पुंडलिकरावांना पक्का आठवत होता. रहेमानलाही आठवत होता. एवढ्या एका गोष्टीवर खोटं बोलणं त्यांना जमेना. त्यांनी पिशवीतून नळी काढली, झाकण उघडलं आणि सिगार वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवली. भिजल्याने तिची गुंडाळी सैल झाली होती. बंद टोक कोळशासारखं होतं.

रहेमानने ती उलटीपालटी करून पाहिली.

"बंद टोक पेटवलं तुवा."

"विडीवानी वाटलं मले."

"अबे पन कोनाले विचारता नाई आलं? चार दिवस होतास!"

"विचारत होता तो पोरगा. मीच नाई म्हनलं."

"काहून?"

पुंडलिकरावांनी सिगारचं वरचं पान हळूच नखाने सोडवलं आणि कागदावर पसरलं. हे त्यांना येत होतं. "पाह्य, पान एकच हाय, अख्खं. शीर मधातून काढून घेतली, एका हातानं, कुठंच फाटलं नाई. आतलं पान येगळं, जाड हाय. पुरं वर्षभर वाळवलं असन. आपल्या फळीवर असं पान..."

"मुन्शी," रहेमान म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत दोघं थांबले. "पानाचं तू मले चाळीस वर्षांपासून सांगून राह्यला. मी धुराचं विचारलं होतं."

रहेमानने पसरलेलं पान उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून जेवढा येईल तेवढा श्वास आत ओढला. पुंडलिकराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नुसता पानी-पानी वास येते," रहेमान म्हणाला आणि पान कागदावर परत ठेवलं.