पुलापलीकडचं छप्पर

ऑफिसात तिला सगळे 'कशावरूनबाई' म्हणत. कुणी काही सांगितलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "कशावरून?" चहा गार झालाय म्हटलं तरी कपाला हात लावून बघणार! पण तिचं कामच तसं होतं. उत्तर सरहद्दीची राखण करणारा लष्कराचा जो उत्तर विभाग, त्याच्या आसपास काय चाललंय, कुठं धोका वाढतोय, याचा अभ्यास एक छोटी संस्था करायची. दरवर्षीचा अहवाल ही बाई लिहायची. गुप्त वगैरे काही नाही हं. वर्तमानपत्रं, रस्त्यांची टेंडरं, कुणालाही विकत मिळतील असे उपग्रहाचे फोटो. सगळं चारचौघांतलं. ते निवडत बसायला चिकाटी लागते, आणि ती तिच्यात बक्कळ होती. खिडकीजवळचं टेबल, भिंतभर नकाशा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. सुखात होती बाई.

नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळं जेवायला बहुतेक दोघंच, ती आणि सासरे. सासरे याच उत्तर विभागात ट्रक चालवून निवृत्त झालेले. सरहद्दीजवळच्या नदीवर एकुलता एक पूल आहे, दोन्ही काठ आपलेच, त्यावरून ये-जा करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. "आज काय म्हणतोय माझा विभाग?" असं विचारल्याशिवाय ते घास घ्यायचे नाहीत. तिलाही सांगायला आवडायचं. खोटं कशाला बोला, नवऱ्यापेक्षा तिचं सासऱ्यांशीच जास्त जमायचं.

यंदा घोडं अडलं ते त्या पुलाशीच. पलीकडच्या काठावर, आपल्या हद्दीत घुसून, परक्या सैन्याची नवी चौकी झालीय, असं तिनं कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार असल्याशिवाय असं वाक्य घालायचं नाही, हा संस्थेचा नियम. इथं दोन होते. एका दैनिकातली बातमी आणि माजी सैनिकांच्या मासिकातला लेख. संचालक खूश. "मॅडम, हाच यंदाचा मथळा!" पण जिल्ह्याच्या कचेरीतून निरोप आला होता, अहवालात चौकी खरी ठरली तर पूल गाड्यांनाच काय, पायी माणसांनाही बंद. अलीकडच्या गावांना जवळचा दवाखाना पुलापलीकडंच. आजारी माणसाला घेऊन डोंगराला वळसा घालायचा म्हणजे विचारूच नका.

एवढं मोठं वाक्य, म्हणून सवयीप्रमाणं तिनं दैनिकाच्या बातमीदाराला फोन लावला. "चौकी डोळ्यांनी कुणी बघितली हो?"

"बघायला कशाला हवी?" तो म्हणाला. "आमच्या बागेत सकाळी माजी सैनिक बसतात. त्यातले एक काका उत्तर विभागातलेच. त्यांची सून कुठल्याशा संस्थेत सरहद्दीचा अभ्यास करते. एकदम आतली खबर! मासिकवालेही तिथंच असतात."

बाईंच्या हातून फोन पडायचाच बाकी राहिला.

मागं एकदा जेवताना तीच म्हणाली होती, फोटोत पुलापलीकडं नवं छप्पर दिसतंय, चौकी तर नसेल ना? सासऱ्यांनी ते बागेतल्या बाकावर नेलं, बाकावरून ते छापून आलं, आणि छापलेलं बघून ही म्हणतेय, मिळाला पुरावा! कशावरून? तर माझ्यावरूनच! आधी तिला घाम फुटला, आणि मग असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीतला अकाउंटंट डोकावून गेला.

मग तिनं पुलाजवळच्या शाळेतल्या बाईंना फोनवर गाठलं. "ते छप्पर होय?" त्या म्हणाल्या. "कोंबड्यांची शेड आहे ती. वारं इकडचं असलं की वर्गात बसवत नाही!" ताज्या फोटोंतही ना कुंपण, ना गाड्या, ना पहारा.

संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एवढं खपून लिहिणार काय, की काही घडलं नाही?"

"हो सर. आणि आपलीच शंका बातमी होऊन आपल्याकडं परत आली, हेही लिहिणार."

त्यांनी बरीच आदळआपट केली, पण सही केली. माणूस तापट, खोटं खपवून घेणारा नव्हे. पूल उघडा राहिला.

आता घरचं. सासऱ्यांना सांगणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं, पण जेवताना तिनं सांगून टाकलं. म्हातारा आधी खूशच! "म्हणजे पेपरात आलं ते माझं?" मग पुलाचं ऐकलं, आणि हातातला घास हातातच राहिला.

"दिवस भरलेल्या एका बाईला मी ट्रकमधून त्या पुलावरून न्यायला निघालो होतो," ते हळूच म्हणाले. "आणि आता मीच तो बंद करत होतो."

"चूक माझी, बाबा. शंका मी काढली आणि मीच ती खरी धरून बसले."

ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसताच तिनं सवयीनं तोंड उघडलं. "बाबा, आज आपल्या विभागात..."

"नको," सासऱ्यांनी हात वर केला. "सांगू नकोस पोरी. माझ्या पोटात राहत नाही." नजर मात्र तिच्या तोंडाकडंच लागलेली.

तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बरं, मग तुम्ही सांगा. ट्रकमधल्या त्या बाईचं पुढं काय झालं?"

"मुलगी झाली," सासरे म्हणाले. "दवाखाना कुठला गाठतोय! पुलाच्या मधोमध, माझ्याच गाडीत." आणि ते सांगत राहिले, ती ऐकत राहिली.