पहिल्या वर्षाचे रोट

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आल्यावर मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर चोकडीचा. चोकडी म्हणजे मागच्या दारची धुण्याभांड्यांची जागा. जुन्या चाळीत सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच होती, आणि सकाळी तिथे नंबर लावण्यावरून मी अख्ख्या चाळीशी भांडून झाले होते. इथे चोकडी माझी एकटीची. वर पत्राही होता. पहिल्या दिवशी मी तिथे उगाचच एक धुतलेली चादर परत धुतली.

घर सुरतेजवळ, सचिन गावाच्या अलीकडे, खाडीला पाठ करून उभ्या असलेल्या एका सोसायटीत. खाडीजवळ म्हणून तर परवडलं. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, कपड्याच्या मिलमध्ये रंगाच्या वाफेत अर्धं आयुष्य घालवलं, मी घरी बसून साड्यांना लेस लावल्या, आणि शेवटी हे दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. सासूबाईंना गावाहून आणलं. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, मागचं दार उघडलं, खाडी पाहिली आणि म्हणाल्या, “पाण्याच्या तोंडाशी घर घेतलंत.” एवढंच. माझ्या चोकडीबद्दल एक शब्द नाही.

समोरच्या घरात एक सुरती बेन राहायची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी, घर दुमजली आणि जोतं चांगलं उंच. पहिल्याच आठवड्यात ती सांगायला आली की मी ओटा धुते ते पाणी तिच्या दारात येतं. मी म्हटलं, पाणी उतारानेच जाणार, उतार काही मी केलेला नाही. ती बरोबर होती की मी, ते जाऊ द्या. पण त्यानंतर आमच्यात मान हलवण्यापुरतंच नातं राहिलं.

मग श्रावण आला आणि कानबाई आली. आम्हा खानदेशी माणसांना कानबाईचं काय आहे ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी पिढीजात नारळाला डोळे, नथ लावून चौरंगावर बसवायचं, सोमवारी निरोप द्यायचा. तिच्यासाठी रोट करायचे. शनिवारी भाऊबंदकीतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचा, त्याचं पीठ करायचं, त्याचे जाड रोट. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, केले ते संपवायचे. आमच्या घरात तर लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत. आणि एखाद्या वर्षी राहिले, वाया गेले, तर ‘रोट मोडले’ म्हणतात. मोडलेले रोट पुन्हा सुरू करायला घरात पाळणा हलावा लागतो किंवा गाय व्यावी लागते. माझ्या घरात पाळणा हलायचे दिवस गेले होते, आणि सोसायटीत गाय कुठून आणणार?

तर ते नव्या घरातलं पहिलं वर्ष. सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “या घरात पहिल्याच वर्षी रोट मोडले तर देवीला हे घर पटलं नाही असं मी समजेन, आणि तिला घेऊन गावी जाईन.” त्या बोलतात तसं करतात.  देवी गेली की सणाला दीर-जावा गावी जाणार, आणि माझं हे घर भाड्याच्या खोलीसारखंच, नुसतं झोपायचं ठिकाण उरणार.

शनिवारी दुपारी सासूबाईंनी गहू मोजला. थोरले दीर, धाकटे दीर, त्यांची मुलं, सगळे रविवारी सकाळच्या गाडीने येणार होते. मोजलं ते मोजलं, त्यात मागेपुढे होत नाही. मी गिरणीवाल्याकडून चक्की पुसून घेऊन पीठ आणलं. मी निघताना तो म्हणाला, दरियात तोफान आहे, जपून राहा. मी मनात म्हटलं, आम्ही काय वादळ पाहिलं नाही? आमच्या गावचं वादळ धुळीचा लोट घेऊन येतं, एखादा पत्रा उचलतं, घटकाभरात गारा पाडून निघून जातं.

समुद्राकडून येणारं वादळ जायची घाई करत नाही, हे मला त्या रविवारी कळलं. सकाळी मालक दिरांना आणायला उधना स्टेशनला गेले आणि तासाभरात माझ्या चोकडीवरचा पत्रा उडून खाडीत गेला. लाइट गेली, फोन मुके झाले. मग पाऊस असा आडवा लागला की खिडक्या बंद असून भिंती ओल्या. पाणी दारातून येईल म्हणून मी उंबऱ्याला गोणपाटं लावत होते, आणि ते आलं मागून, चोकडीच्या मोरीतून. ज्या चोकडीवर मी एवढी फिदा होते तिनेच दगा दिला.

घोट्याएवढं पाणी झालं तेव्हा समोरची बेन गल्लीतून भिंत धरत धरत आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. दारात उभी राहून म्हणाली, “माजीने लईने उपर आवी जाव.” माजींना घेऊन वर या. सासूबाई चौरंगाशेजारी बसून राहिल्या. देवी याच घरात मांडायची, म्हणाल्या. आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “माय, कानबाईला पोहता येत असेल, मला येत नाही.”  त्यांनी नारळ पदरात बांधला. मी पिठाचा डबा डोक्यावर घेतला, आणि चौरंग कुणी घ्यावा? बेनने. उलटा करून डोक्यावर धरला आणि पुढे चालू लागली.

वर तिने आपली बसायची खोली रिकामी केली, फरशी पुसली, कुठे मांडायचं ते सासूबाईंना विचारलं. स्वयंपाकघर दाखवलं. मला आता तिला ती गोष्ट सांगणं भाग होतं, आणि जीभ उचलेना. माणूस आपल्याला पाण्यातून वर काढतो, आणि आपण त्याच्या गॅसवर, त्याच्या तव्यावर करणार तेच त्याला देता येत नाही म्हणायचं. मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, “अमारे पण कुळदेवीनां नैवेद होय. घरनां ज खाय.” त्यांच्यातही कुळदेवीचा नैवेद्य घरचेच खातात. आणि एक खाखऱ्याचं पाकीट घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसली, आमचं सोवळं मोडू नये म्हणून. स्वतःच्या घरात, दार ओढून घेऊन. त्या क्षणी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते मी आजपर्यंत तिला नीट सांगू शकलेले नाही. आईबद्दल वाटतं तसं वाटलं.

आम्ही कानबाई मांडली. दीर येतीलच, कुठल्या तरी क्षणी जिन्यात आवाज येईल, या भरवशावर मी सगळं पीठ भिजवलं. सगळे रोट भाजले. संध्याकाळी मालक आले, एकटे, कंबरेपर्यंत भिजलेले. गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, गळ्याएवढं पाणी होतं म्हणून लांबून फिरून आले होते. गाडी बारडोलीच्या पलीकडेच थांबवली आणि परत फिरवली, म्हणाले. दीर पुन्हा गावी.

चौरंगापुढे रोटांची थप्पी होती, आणि खाणारे आम्ही तिघं. आम्ही खाल्ले. जेवढे घशाखाली जातील तेवढे खाल्ले, वर पाणी प्यायलो, पुन्हा खाल्ले. सासूबाईंना दात नाहीत, त्या दुधात कुस्करून खात होत्या आणि थप्पीकडे बघत होत्या.

सोमवारी सकाळी ऊन पडलं. देवीला निरोप द्यायला नदीवर जायचा रस्ताच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, पाणी दारात आलंय तर देवीला लांब कशाला न्यायची. बेनच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी नारळाला गढूळ पाण्याचा हात लावला, आरती केली आणि देवी परत वर आणली. आता उरलेले रोट. मालक म्हणाले, मी अजून एक खाईन, आणि त्यांचा चेहरा बघून मी त्यांच्या पुढून ताट काढून घेतलं. मला रडू येत होतं. घर चिखलाने भरलेलं, चोकडी उघडी पडलेली, आणि थोरल्या दिरांच्या घरचे रोट तसेच.  सासूबाई गावी जायचं मनात ठरवत असणार, असं मी धरून चालले होते.

त्या उठल्या. ताट उचललं आणि दार उघडून जिन्यात गेल्या. बेन खाली उतरायच्या तयारीत होती, हातात झाडू. आमच्या घरातला चिखल काढायला निघाली होती. सासूबाईंनी तिच्या हातातून झाडू घेतला, भिंतीला लावला, तिला पायरीवर बसवलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. मी मागून म्हटलं, “माय, अहो, रोट आहेत ते.” त्यांनी वळूनही पाहिलं नाही. घरातल्या बोलीत म्हणाल्या, “थोरला ऊना नही. हाई ऊनी.” थोरला आला नाही, ही आली.

बेनने हात मागे घेतला. “ना, ना, बा. ए तो घरनां माटे होय,” ती म्हणाली. ते तर घरच्यांसाठी असतात.

सासूबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. “मंग तू कोन्हा घरनी शे?” त्यांनी विचारलं.

अहिराणी तिला येत नाही. पण तू कुणाच्या घरची, हे तिला कळलं असावं, कारण तिने डोक्यावर पदर घेतला आणि रोट मोडून पहिला घास तोंडात घातला. खाताना तिचे डोळे भरून वाहत होते. ते सगळे रोट संपेपर्यंत सासूबाई तिच्या शेजारून हलल्या नाहीत.