खालची खोली

स्कीच्या तळाला जुन्या इस्त्रीने मेण लावायला घेतलं, की त्या वासासरशी मला नौपाड्यातली एक दुपार आठवते. आम्हाला चाळिशीत स्कीइंग शिकवून बर्फावर उभं करणाऱ्या ताईंच्या घरी, दिवाळीचा उरलेला चिवडा खात आम्ही चौघं औलीच्या शर्यतींसाठी प्रवास आणि मुक्काम ठरवत होतो. एरवी हे सगळं त्याच ठरवायच्या. पण त्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पाय स्टुलावर ठेवून नुसत्या आमच्या चुका काढत होत्या. "रात्री घाट चढणारी गाडी नको रे! आणि खोल्या चौघांपुरत्याच सांग, मी येत नाहीये." मी औलीच्या लॉजवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. चौघं म्हणताच तो म्हणाला, "और मॅडम? उन्होंने तो कल ही नीचेवाला कमरा बोल दिया, सीढी नहीं चढनी पडेगी." आम्ही सगळे ताईंकडे बघायला लागलो. त्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिल्या आणि मग फणकाऱ्याने म्हणाल्या, "मग? उताराच्या खाली उभं राहून तुमच्या नावाने ओरडायला कोणी नको?" ताई आता नाहीत. आज मी मेण लावतोय ते दुसऱ्यांच्या स्कीला, आणि औलीला फोन करून खालची खोली माझ्यासाठी सांगून झालीय.