सईच्या पाच मिनिटांचं घड्याळ

बसवनगुडी ते व्हाइटफील्ड रोज एकाच ऑफिस कॅबमध्ये बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या कॅबमधले निम्मे माझ्या घड्याळाचे आहेत. बाकीचे हसतात. मला मात्र अजूनही आधी धडकी भरते.

घड्याळ डायव्हिंगचं, दोनशे मीटर पाण्यात चालणारं, उन्हावर चार्ज होणारं. आणि मला साधं पोहता येत नाही! पुण्याहून आलेला निखिल पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, व्हाइटफील्डला पाणी भरलं की ऑफिसला बुडी मारत जाणार का?"

मग मी कारण सांगितलं. माझी मुलगी सई, नऊ वर्षांची, तिला फिट्स येतात. डॉक्टरांनी बजावलंय, "पाच मिनिटांच्या आत थांबली तर ठीक. पुढे गेली तर नाकात स्प्रे आणि थेट हॉस्पिटल." घाबरलेल्या बापाला एक मिनिट तासाएवढं वाटतं. या घड्याळाच्या काचेभोवतीची रिंग फिरवून खूण मिनिटकाट्यावर आणली, की किती मिनिटं झाली ते अंधारातही दिसतं. शिवाय सेल ऐन वेळी संपायची भीती नाही.

*

असं मला वाटत होतं! पावसाळाभर घड्याळ जॅकेटच्या बाहीखाली राहिलं, आणि एके दिवशी सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला. चार्ज संपत आल्याची खूण. ऑफिसच्या गच्चीवर हात वर करून अर्धा तास उभा राहिलो.

"सर, कुछ प्रॉब्लेम?" सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.

"घड़ी को धूप दे रहा हूँ."

तो हळूच दोन पावलं मागे सरकला!

तेव्हापासून कॅबमधल्या शालिनीअक्का खिडकीची जागा मला सोडतात. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथंच, कन्नड मुलखात गेल्या. "सुधीर, तू इकडं बस रे. स्वल्प ऊन लागू दे त्याला."

*

एकदा मीटिंगमध्ये घरून फोन आला. सवयीनं माझा हात रिंगकडे गेला. बॉसला वाटलं, मी त्याचं प्रेझेंटेशन मोजतोय! त्यानं चाळीस स्लाइड्स चार मिनिटांत उरकल्या. सगळ्यांनी येऊन मला थँक्यू म्हटलं. फोन गॅस सिलिंडर आल्याचा होता.

*

आणि हा परवाचा. ऑफिसात मुलांना आणायचा दिवस, म्हणून सई माझ्या आणि अक्कांच्या मध्ये बसली होती. सिग्नलला अडकलो की मी रिंग लावायची, आणि कधी सुटणार ते प्रत्येकानं सांगायचं, अशी आमच्या कॅबची पद्धत. हरेल त्याची कॉफी. त्या दिवशीही रिंग लावली होती. गाडी हलेना. तेवढ्यात सईचा हात माझ्या हातात ताठ झाला.

अक्कांनी तिला कुशीवर वळवलं. मी स्प्रे शोधून घड्याळ बघितलं. "सहा! सहा मिनिटं झाली!" मी ओरडलो. स्प्रेचं झाकण निघेना.

"दादा, थांब!" पुढच्या सीटवरून निखिल ओरडला. "ते सहा सिग्नलचे आहेत. तू रिंग परत लावलीच नाहीस!"

त्यानं फोन पुढे केला. टायमर चालू होता. एक मिनिट पन्नास सेकंद.

तीन मिनिटं वीस सेकंदांनी फिट थांबून सई सैल पडली. अक्कांनी ड्रायव्हरला कन्नडमध्ये गाडी घराकडे वळवायला सांगितली.

बसवनगुडीत मी सईला उचलून उतरलो, तर निखिलही मागोमाग उतरला. हातातल्या फोनवर आकडे पळतच होते.

"बंद कर रे ते आता," अक्का म्हणाल्या.

"थांबा अक्का. ती बोलू दे आधी."