सुभेदारांच्या रायफलीचे दोन आकडे

कानशीचा आठवा का नववा हात मारला आन काळ्या रंगाखालून इंग्रजी सात निगाला. अर्धाच. वरची आडवी रेघ जागेवर हुती, खालची दांडी माझ्या कानशीच्या दातात अडकून बसल्ती. मी फुंकर मारली. सातच्या पुढं अजून एक आकडा असावा अशी जागा हुती. जागाच हुती नुसती.

मी भिंगारला बंदुका दुरुस्तीच्या दुकानात मिस्त्री हाय. दुकान लायसनवालं, मालक म्हंजे आमचे शेठ. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातलं बी अर्धं वरीस चिंचा पाडन्यात गेलं. तरी गिऱ्हाईक आलं की मी असा चष्मा लावतो, जसं काय तोफा मीच वतल्यात.

पुढ्यात हुती ती पारनेरकडच्या एका रिटायर सुभेदारांची रायफल. त्यांच्या वडलांची. एका वेळी एकच गोळी. खालचा दांडा ओढला की मागचा लोखंडी ठोकळा खाली उतरतो, काडतूस घालायचं, दांडा वर केला की ठोकळा बंद. नळी अठपैलू. आता अशी कोन बनवत न्हाई. सुभेदारांचं मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यालं. नळीच्या टोकावर नेम धरायचं टिपूस असतं, त्याला आमी माशी म्हनतो. ती माशी त्यान्ला दिसंना. रानात डुकरं मका लोळवत हुती. म्हनून वर स्कोप, म्हंजे नेमाची दुर्बीन, बसवायची हुती.

स्कोप असा नुसता चिकटवता येत न्हाई. आधी नळीवर लोखंडाची बैठक लागती, त्याला बेस म्हनतात. बेससाठी भोकं पाडायची, त्यात स्क्रूचे आटे पाडायचे. पन त्याच्या आधी नळीची वरची पट्टी आरशासारखी सपाट पायजे. बेस केसभर डुगडुगला तर नेम डुकरावर आन गोळी सरपंचाच्या टाकीवर. सुभेदारांच्या वडलांनी गंज लागू नये म्हनून नळीला जाड काळा रंग फासल्ता. तो खरवडून पट्टी घासायचं माझं काम.

आता आमच्या दुकानाचा एक रिवाज हाय. हत्याराला कानस लावायच्या आधी त्याच्या नंबरात खडू भरायचा आन तो मोठ्यानं वाचायचा. समोर शेठ लायसनच्या पुस्तकातला नंबर वाचनार. दोनी जुळले की मगच काम. कारन बंदूक म्हंजे तिचा नंबर. नंबर गेला की ती बेवारशी, आन बाळगनारा गुन्हेगार.

त्या सकाळी शेठनी आतून इचारलं, नंबर बगितला का. मी म्हनलं, व्हय, बाजूला हाय की. बाजूला आकडे हुतेच, पन ते कंपनीच्या पेटंटचे. मला काय, आकडा म्हंजे आकडा. खडू आनायला उठायचा कटाळा आल्ता, ही खरी गोष्ट. खरा नंबर वरच्या पट्टीवर हुता, रंगाखाली. पाच आकडे. तीन शाबूत, चौथा अर्धा, पाचवा स्वर्गवासी.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. सुभेदार. इलेक्शनची आचारसंहिता लागली, लायसनची हत्यारं ठान्यात जमा करायचा निरोप आलाय, आज पाचच्या आत. मी दोनला येतो, जशी हाय तशी द्या, स्कोपचं नंतर बगू.

जशी हाय तशी.

घड्याळात साडेअकरा. माझं डोकं असल्या वेळी लई पळतं, आन नेमकं चुकीकडं पळतं. फळीवर आकडे ठोकायचे पंच हुते. म्हनलं, दोनच आकडे हायेत, दोन ठोके मारायचे, वर काळा रंग, कोन बगतंय. पंच काढला, नळीवर धरला, हातोडी उचलली. मागून शेठनी मनगाट धरलं.

त्यांनी नळी बगितली, लायसनचं पुस्तक बगितलं, मग माझ्याकडं. वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं.

"घासला ती चूक हाय," ते म्हनले. "ठोकलास तर गुन्हा व्हईल. मग तू आत, मी आत, आन सुभेदार या वयात कोर्टाच्या पायरीवर."

मग म्हनले, जुन्या रायफलींत काही वेळा हाच नंबर नळीच्या पोटाला पन मारल्याला असतो, पुढच्या लाकडाखाली. असंल तर सुटलो. मी लगेच स्क्रूड्रायव्हर घेतला. तर परत मनगाट.

"हितं उघडायचं न्हाई. हितं उघडला आन नंबर निगाला, तर म्हनतील तुमीच ठोकला. ठान्यात साहेबांच्या टेबलावर उघडू."

"आन तितं न्हाईच निगाला तर?"

शेठनी लायसनच्या पुस्तकाला रबर लावलं.

दोनला सुभेदार आले. कडक इस्त्री, मिश्या कातरल्याल्या. मी पाटीवर पाढा न आल्याल्या पोरासारखा उभा. शेठ बोलाया लागले, तर मीच मधी पडलो आन सगळं सांगितलं, खडूच्या कटाळ्यासकट. सुभेदारांनी नळीवरून बोट फिरवलं, जितं आकडे हुते तितं थांबलं.

"वडलांनी ही पन्नास वर्सं सांभाळली," ते म्हनले. "तू अर्ध्या दिसात बेवारशी केली." मग टोपी घातली. "चला. लपवून काय व्हनार."

ठान्यात इन्स्पेक्टर साहेब तरुन हुते. शेठनी पैल्या वाक्यातच चूक सांगितली. साहेबांनी नळी खिडकीकडं धरली, पुस्तकात बगितलं आन पुस्तक मिटलं.

"नंबर जुळत नाही. मी हे हत्यार जमा नाही, जप्त करणार. आणि गुन्हा यांच्यावर, ज्यांचं लायसन आहे त्यांच्यावर."

शेठनी हात जोडले, म्हनले पाच मिंट द्या, पोटाचा नंबर बगू. साहेबांनी हवालदाराला पंच बोलवायला लावले. हे पंच वेगळे, साक्षीचे. चहावाला आन एक पासपोर्टच्या कामाला आल्याला मास्तर. त्यांच्यासमोर मला म्हनले, उघड.

लाकडाला एकच स्क्रू. गंजल्याला. मी जोर लावला, हलंना. अजून जोर लावला, स्क्रूची खाच फाटायला लागली. ती फाटली असती तर लाकूड फोडावं लागलं असतं. घाम थेट नळीवर टपकत हुता.

"मिस्त्री," सुभेदार हळूच म्हनले, "केस माझ्यावर व्हनार हाय. घाम तुला का?"

मी रॉकेल मागितलं. ठान्यात डिझेल निगालं. दोन थेंब सोडले आन थांबलो. साहेब घड्याळ बगत हुते. मास्तर माझ्याकडं बगत हुता, जसं मला वळखलंय, दुसरीतनं पळाल्याला हाच तो. मग सोडवायला उलटा फिरवायच्या आधी जरासा आवळला. टक्कन आवाज आला. मला वाटलं तुटला. पन त्यो सुटल्ता.

लाकूड निगालं. आत पन्नास वर्साचं तेल, डांबरासारखं काळं. मी फडकं घेतलं.

"तू हात लावायचा नाही," साहेब म्हनले. "तू पुसलेलं परत दिसत नाही."

हवालदार हसला, सुभेदार न्हाई हसले. हवालदारानं आपल्या रुमालानं पुसलं. एक आकडा आला. मग दुसरा. तिसऱ्याला रुमाल अडकला. साहेब पुस्तकातून वाचत हुते आन हवालदार नळीवरून. चौथा सात. आख्खा, दांडीसकट. पाचव्यावर तेलाची गुठळी हुती. हवालदारानं नखानं काढली.

"चार," तो म्हनला.

साहेबांनी पुस्तकावर बोट ठेवलं. "चार."

सुभेदार बाकावर बसले. येवढा वेळ ते उभेच हुते, हे मला तवा कळलं.

पंचनामा झाला. रायफल जप्त न्हाई, जमा झाली, आन वरचा नंबर दुरुस्तीत घासला गेला अशी नोंद लायसन शाखेला गेली. माझा जबाब घेतला. साहेबांनी इचारलं, घासताना दिसलं कसं नाही. म्हनलं, साहेब, लई मन लावून घासत हुतो. त्यांनी ते तसंच लिवलं. शाळेच्या रजिस्टरात माझ्याबद्दल एक ओळ न्हाई, ठान्यात आख्खं पान हाय.

इलेक्शनचा निकाल लागल्यावर महिन्यानं सुभेदार परत आले, शाखेचा कागद घेऊन. रायफल दुसऱ्या दुकानात न्हेतील असं वाटल्तं. म्हनले, चुकल्याला मानूस परत तीच चूक करत न्हाई, नवीन करतो, आन ती मी बगत बसनार हाय. पुढ्यात स्टूल टाकून बसले. बेस मी उरल्याल्या तीन आकड्यांच्या पुढं बसवला. चार भोकं, दर भोकाला त्यांचं एक खाकरनं. स्कोप चढला. त्यांनी डोळा लावला आन समोरच्या दुकानाची पाटी बारीक अक्षरांसकट वाचून दाखवली.

दुकानात कोनी नवा कामाला आला की मी त्याला येवढंच सांगतो. लोखंड कमी करायला एक मिंट लागतं. वाढवायची कानस अजून बाजारात आली न्हाई.