डबल बेलच्या आधी

ॲपचं नवं व्हर्जन सोडायची वेळ झाली की काका खुर्चीतून उठायचे, खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढायचे आणि आमच्या काचेच्या टेबलावर एकदा वाजवायचे.

"थांबा. कुणी ऱ्हायलंय का?"

काका एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते. एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे तुम्हाला माहीत असेलच. चिमटा सरकारी. तिकिटांची मशीन आल्यावर तो जमा करायचा होता. विषय निघाला की काका म्हणत, "जमा करायचा ऱ्हायला." कंडक्टरकीत त्यांच्या हातून राहिलेली ती एकमेव गोष्ट असावी.

आमची कंपनी द्राक्षबागायतदारांसाठी ॲप बनवते. हवामान बघून कोणता रोग येणार आणि फवारणी कधी करायची, याचा इशारा रोज सकाळी सहाला जातो. अनिकेत हा आमचा मालक आणि कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा वर्गमित्र. तो, मी आणि आणखी तिघं मिळून आम्ही पाच जण. पाचांपैकी एकाचीही बाग नव्हती, आणि याचं आम्हाला त्या वेळी काही वाटत नव्हतं. ऑफिस सांगलीत, काकांच्या घराच्या माडीवर, भाड्याने.

प्रॉडक्टभोवती कम्युनिटी उभी करावी लागते, असं अनिकेतने कुठे तरी वाचलं होतं. त्यासाठी पुण्याहून एक चांगला शिकलेला गृहस्थ आणला. त्याने बागायतदारांचा ग्रुप काढला आणि रोज सकाळी त्यावर "हॅलो फॅमिली" असं लिहायला सुरुवात केली. फॅमिली एकेक करून ग्रुप सोडू लागली. अकराव्या दिवशी त्यानेही सोडला.

त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही जेवायला गेलो असताना ऑफिसचा फोन सारखा वाजत होता. काकांनी खालून वर येऊन तो उचलला. पलीकडे तासगावकडचा एक बागायतदार संतापला होता. दोन वाक्यांत त्याने आवाज ओळखला. "आवं, तुमी जत गाडीचं कंडक्टर न्हवं?" पुढची चाळीस मिनिटं ॲपचं नावही निघालं नाही. आम्ही परत आलो तेव्हा काका विचारत होते, "बाग किती दिसाची हाय?"

आता हे बघा. द्राक्षवाला बागेचं वय छाटणीपासून मोजतो. त्या माणसाच्या बागेचे तीन प्लॉट, तिन्हींची छाटणी वेगवेगळ्या दिवशी झालेली. आमचं ॲप मात्र तारीख एकच घ्यायचं. म्हणजे दोन प्लॉटना आम्ही चुकीचे इशारे धाडत होतो, आणि तो माणूस चुकीची तारीख भरतो अशी आमच्याकडे लेखी नोंद होती. काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "पोटं तीन हायती आन् ताट एकच वाढलंय तुमी." दुसऱ्या दिवसापासून काका आमच्याकडे कामाला. हुद्दा कम्युनिटी मॅनेजर. काकांनी तो कधी उच्चारला नाही.

ग्रुपवर नवा माणूस आला की काका त्याचं गाव विचारत, शेजारी बाग कुणाची ते विचारत, आणि मग बाकीच्यांना लिहीत, "सरकून बसा, पाव्हणं आल्यात." एकदा दोन साडूंची ग्रुपवरच बांधावरून जुंपली. काकांनी लिहिलं, "भांडायचं तर खाली उतरून भांडा. गाडी चालू हाय." दोघंही गप्प झाले. मीसुद्धा दोन मिनिटं काही टाइप केलं नाही.

आमच्यातही दोघं प्रोग्रामर होते, एकमेकांपासून दोन हातांवर बसून सगळं मेसेजवर बोलणारे. काका दोघांच्या मधोमध उभे राहिले. एकाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "ह्ये म्हणत्यात, तुमच्यामुळं अडलंय." मग दुसऱ्याकडे, "त्ये म्हणत्यात, न्हाई." असं दिवसभर. संध्याकाळपर्यंत लाजेखातर दोघं तोंडाने बोलू लागले. पुढे त्यांचं चांगलं जमलं.

मग ते नवं व्हर्जन आलं. सगळं नव्याने लिहिलेलं, देखणं आणि वेगवान. पण जुन्या फोनवर ते चालणार नव्हतं, आणि जुनं व्हर्जन आम्ही बंद करणार होतो. काकांनी चिमटा वाजवला.

"सदतीस माणसं ऱ्हात्यात."

बहुतेक जतच्या पूर्व भागातली म्हातारी माणसं, निम्मी कन्नड बोलणारी. अनिकेत म्हणाला, "काका, दोन हजारांत सदतीस."

"सायेब, थांब्यावर हात केल्याली माणसं मोजत न्हाईत. गाडी थांबवत्यात. आवंदा तेवढं जुनंबी चालू ठिवा. बागा फुलोऱ्यात हायती, अशात पाऊस आला तर डावणी रोग घड खाऊन टाकंल."

जुनं चालू ठेवायचं म्हणजे आठ दिवसांचं काम वाढणार होतं. अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "काका, बेल द्या."

काकांनी चिमटा माझ्यापुढे ठेवला. "तुमीच द्या, म्याडम."

मी दोनदा वाजवला.

पाचव्या दिवशी पाऊस लागला. तोवर काकांनी त्या सदतीस जणांना रोज सकाळी फोन करून इशारा वाचून दाखवायला सुरुवात केली होती. खालच्या जिन्यात बसून, स्वतःच्या फोनवरून. तो फोन मागचं झाकण पडू नये म्हणून रबरबँडने बांधलेला होता. काकांची कन्नड गाडीपुरतीच. तेव्हा फवारायचं असेल तर "होग्री, होग्री" आणि नसेल तर "निल्री." चला आणि थांबा. डावणीविरुद्धची ती मोहीम या दोन शब्दांवर चालली. तिसऱ्या दिवशी काकांचा आवाज बसला, तरी "होग्री" ऐकू येत होतं.

सदतिसांच्या बागा वाचल्या. इकडे आमचे वापरणारे मात्र भराभर घटू लागले, आणि तेही नव्या फोनवाले. अनिकेत दोन दिवस आलेख बघत बसला. मी काकांना घेऊन जतला गेले. तिथे शिवाप्पा म्हणून सत्तरीचे बागायतदार भेटले, सदतिसांतलेच. त्यांच्या शेजारच्या पोरसवदा बागायतदाराला मी विचारलं, ॲप का काढलंस? तो म्हणाला, "शिवाप्पांनी सांगितलं, त्ये बंद पडलं. आमी त्यांचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की आमचा सुरू करतो. त्यास्नी आता कंडक्टर फोन करत्यात."

सदतीस फोन नव्हते ते, सदतीस शिवारं होती. बाकीचे त्यांच्याकडे बघून आमच्याकडे आले होते आणि त्यांच्याकडे बघूनच गेले. परतीच्या वाटेवर मी जरा चिडूनच विचारलं, "काका, हे तुम्हाला ठाऊक होतं. आधी का नाही सांगितलंत?"



"सांगितलं आसतं, तर कामाची माणसं म्हणून त्यास्नी चढीवलं आसतं तुमी. ती नुसती थांब्यावर हुती म्हणून चढायला पायजे हुती."

मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

आठ दिवस खपून आम्ही जुनं व्हर्जन पुन्हा सुरू केलं. डबल बेल काकांनी दिली. गेलेली माणसं हळूहळू परतली. अनिकेतने एका परिषदेत यावर भाषण केलं, त्यात सदतिसांचा आकडा होता. काका नव्हते.

दोनेक वर्षांनी काकांचे गुडघे पार गेले आणि लेकीने त्यांना साताऱ्याला नेलं. निघताना त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "जमा करा," म्हणाले.

त्यानंतर जतवाले एकेक करून नवे फोन घेऊ लागले. जुन्या व्हर्जनवर वीस उरले, मग नऊ, मग चार. शेवटी शिवाप्पांनीही फोन बदलला. यादीतले सदतीसही संपले, तरी स्क्रीनवर एक दिसतच होता. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी उघडणारा, साताऱ्यातून. छाटणीची तारीख शिवाप्पांच्या बागेची भरलेली. नंबर बघितला आणि मी फोन लावला.

"काका, तुमचाही फोन जुनाच होता. यादीत तुम्ही स्वतःला धरलं नव्हतंत?"

"कंडक्टर प्रवाशांत धरत न्हाईत, म्याडम."

"पण तुम्हाला बाग नाही. रोज उघडता कशाला?"

"बघतो की. गाडी येळंवर येतीया का."

पुढे मला सवयच लागली. सकाळी चहाआधी मी तेवढी एक नोंद बघायची. सहा दहा. कधी सहा अकरा. मला त्या नोंदीने बरं वाटायचं, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी त्यांच्या लेकीचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन रडले आणि खाली येऊन राहिलेलं काम केलं.

पंधरा दिवसांनी मीटिंगमध्ये अनिकेत हळूच म्हणाला, "जुन्या व्हर्जनवर आता कुणीच नाही. बंद करू या." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी ड्रॉवरमधून चिमटा काढला आणि टेबलावर एकदा वाजवला.

"कुणी ऱ्हायलंय का?"

दुसऱ्यांदा वाजवायला मी हात उचलला आणि चिमटा परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. अनिकेतने पुढचा विषय घेतला.

जुनं व्हर्जन चालू आहे. रोज सकाळी सहाला त्यावरून साताऱ्याला इशारा जातो.